मानस

आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे.
बांधातलं लाकडी दार. भरतीला मिटतं,
ओहोटीला उघडतं. फळ्या कुजल्या की बदलायच्या,
रात्री जाळं लावायचं, काळुंद्रं काढायची.
आडपईत हे काम माझं. आधी बापाचं होतं.

दाराच्या आतल्या अंगाला पाणी गोल फिरतं.
वरून दिसत नाही.
नकूळ तिथंच गेला, चवथीच्या आदल्या रविवारी,
माटोळीला फळं हवीत म्हणून फांदी ओढताना.
सात वर्षांचा.

मी उडी मारली. पोहता येतं म्हणून मारली.
येत नसतं तरी मारली असती,
हे आता कबूल करतो.
वर आणला तेव्हा अंग ऊन होतं.

मग पाय धरून उलटा केला.
खांद्यावर टाकून मी बांधभर धावलो.
कुणी न्हाणीतलं भाण आणून पालथं घातलं,
त्यावर त्याला पोटावर लोळवला.
चमचाभर पाणी आलं.
आम्ही ओरडलो, आलं, आलं!
कुणी मीठ आणलं, कुणी गाऱ्हाणं घातलं.
फोंड्याहून गाडी आली तोवर
आम्ही सगळं करून बसलो होतो.

एकानंही त्याच्या तोंडात फुंकर घातली नाही.
घराघरात फुंकणी होती.

अकरा वर्षांनी पंचायतीच्या हॉलात
आरोग्य केंद्रातली अर्सुला बाय
रबराचा माणूस घेऊन आली. अर्धाच,
कमरेखाली काही नाही.
बायका पदर लावून हसल्या.
ती म्हणाली, पोटातलं पाणी काढत बसू नका,
त्याला वारा हवा.
श्वास नसेल तर हनुवटी वर, नाक दाबा,
आधी पाच फुंकरा, छाती उचलते का बघा.
मग छातीच्या मधोमध तळहात, जोरात, तीस वेळा.
मग दोन फुंकरा. परत तीस.
दुसऱ्या कुणी एकशे आठला फोन लावायचा,
तुम्ही थांबायचं नाही.
आणि काका, उडी नको. आधी काहीतरी फेका.
माडाचं चुडत पुढं केलं तरी चालेल.

काका ती माझ्याकडे बघून म्हणाली.
परगावची. तिला काय ठाऊक.

माझी पाळी आली. गुडघे वाजले.
त्या रबराच्या छातीत कुठंतरी स्प्रिंग आहे,
नीट दाबलं की टक् करते.
बारा, तेरा, टक्,
सोळा, सतरा,
आणि पुढचा आकडाच सापडेना.
हात तसेच छातीवर.

मागच्या बाकावरून
नकूळच्या आईनं सांगितला:
अठरा.

आता मानशीच्या खुंटाला दोरी आहे,
टोकाला खोबरेलाचा रिकामा कॅन, बूच घट्ट.
दोनदा चोरीला गेला. हा तिसरा.
शाळा सुटली की पोरं नेम धरून त्याला खडे मारतात.
मारू देत.
वाजतो,
म्हणजे आत पाणी नाही.