चाळिशी

बेडफर्डला, मिडलँड रोडवर, न्हावी आणि फोनवाला यांच्या मधे
माझं चष्म्याचं दुकान आहे.
दोनातो क्वारान्ता पहिल्यांदा आला तेव्हा
चष्म्याची एक काडी तुटलेली,
विटांच्या भट्टीतल्या तारेने बांधलेली.
भट्टी बंद होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

नाव लिहून घेताना म्हणाला, क्वारान्ता म्हणजे चाळीस.
मी हसले. आमच्यात, म्हटलं,
चष्म्यालाच चाळिशी म्हणतात.
तो खुर्चीतून उठला, बसला, पुन्हा उठला:
म्हणजे मी नाकावर आडनाव घालून फिरतोय!

मग कळलं, तो गोष्टी लिहितो.
इटालियनमध्ये, प्रत्येक गोष्ट चाळीस शब्दांची.
एकोणचाळीस भरले तर फाडायचा,
एक्केचाळीस झाले तर वरचा शब्द
उद्याच्या गोष्टीला उधार.
एकच पुस्तक, मिलानमध्ये कुणी छापलेलं, तीनशे प्रती,
त्यातल्या दोनशे नव्वद त्याच्याच माळ्यावर.
संपादकाने कळवलं होतं: सुरुवात आहे, शेवट आहे,
मधलं कुठे गेलं?
मधे, तो म्हणायचा, मी रात्रपाळीला होतो.

जवळचं वाचायचं कार्ड त्याने उलटसुलट करून पाहिलं.
आज हवा छान आहे. जहाज बंदरात आले.
हे कुणी लिहिलं? इतकं बारीक होत जायचं
आणि काहीच घडायचं नाही?
पुढच्या खेपेला त्याने एक गोष्ट सांगितली,
भट्टीत भाजलेल्या इंग्रजीत. मी ती
अपॉइंटमेंटच्या वहीत मराठीत उतरवली:

भट्टीतला माणूस रोज डब्यातून एक वीट घरी आणायचा.
बायको रोज एक वीट गावी पाठवायची.
निवृत्त होऊन ते गावी गेले. तिथे घर उभं होतं.
दारात आई म्हणाली, हळू बोला, आत मुलगा झोपलाय.

मोजले. एकतीस.
त्याचा चेहरा पडला. नऊ कुठे गेले?
कसं सांगायचं, आमच्यात ते बारके शब्द
सुटे हिंडत नाहीत, मोठ्यांच्या शेपटीला धरून येतात.
हा बघ, 'डब्यातून'. तुझे तीन, आमचा एक.
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
नऊ शब्द शिल्लक! तुमची माणसं श्रीमंत असणार.
मला वडिलांचं कराड अर्बनचं पासबुक आठवलं.

एका नोव्हेंबरात त्याला चौकटींचा कागद दाखवला,
मधे काळा ठिपका, एक डोळा झाकून.
रेषा सरळ दिसतात?
कडेला सरळ. मधे
कुणी बसून उठून गेल्यासारखं.
हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. इंजेक्शनं झाली.
पुढच्या वर्षी दुसरा डोळा.
मी शब्द जुळवत होते, असं वेळी काय बोलायचं ते
आम्हाला शिकवतात,
तेवढ्यात तोच म्हणाला:
पन्नास वर्षं लागली डोळ्याला
माझी गोष्ट समजायला.

दिव्याचं भिंग दिलं त्याला. त्यातून एका वेळी एकच शब्द दिसे.
मोजायला बरं पडतं, म्हणाला.

मार्चपासून आला नाही.
आठवणीची पत्रं दोन गेली. तिसरं
मशीन आपोआप काढतं, ते मी थांबवलं.
त्याची एक फ्रेम ट्रेमध्ये आहे, पैसे भरलेली.

ते जहाजाचं कार्ड मी काढून टाकलंय.
नवीन घरीच छापलं, इंग्रजीत, त्याची तीच गोष्ट,
पाच आकारांत, वरून खाली उतरत.
लोक वाचतात. बसचे ड्रायव्हर, जलंधरचे एक आजोबा,
परवा एक बाई विटेपाशी थांबल्या, त्यांचे वडीलही तिथेच होते.
शेवटच्या ओळीला मान पुढे येते,
डोळे बारीक होतात,
आणि मी कुणालाही सांगितलेलं नाही,
पण 'हळू बोला' आलं की
प्रत्येक जण आवाज खाली घेतो.