मागची सीट

आमच्या फ्रीसलंडमध्ये चढ म्हणजे समुद्राचा बांध,
बांधावर मेंढ्या, मेंढ्यांवर वारा.
म्हणून दर जुलैत आम्ही सहाजण, चार मोटरसायकली,
मुहूर्त टळत आलेल्या वऱ्हाडासारखे
आल्प्सकडे सुटतो.

बावीस वर्षं मी डोंगर पाहिलेत
वीबेच्या डाव्या खांद्याच्या कडेने.
अर्धा डोंगर, अर्धं जाकीट.
त्या जाकिटाची शिवण मला पाठ आहे,
कुठे दोरा निघालाय, कुठे डांबराने चाटलंय.
मागे बसणाऱ्याला रस्ता उशिरा कळतो.
आधी कळते पाठ:
ताठली की वळण,
सैल पडली की दरी मागे गेली.
आणि ब्रेक लागला की माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर
टक्.
आमच्या संसारात जेवढं बोलणं झालं
त्यातलं निम्मं हेच असावं.

स्टेल्व्हिओच्या घाटात वळणांना आकडे आहेत.
पायथ्याशी अठ्ठेचाळीस, मग सत्तेचाळीस,
आपण चढतो तसा आकडा उतरतो.
चाळिसाव्या वळणात एक बस अडकलेली,
दोन्ही बाजूंनी शिव्या खात, शांत,
आणि तिच्या कडेने घामाघूम सायकलवाले
कुणाकडेही न बघता वर जात होते.

एकतिसाव्या वळणावर पाठ चुकली.
म्हणजे वळण आलं, आणि ती सैलच राहिली.
दगडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो.
वीबेने उजवा हातमोजा काढला.
बोटं थरथरत होती,
इंजिन बंद झाल्यावरही.
‘थंडी आहे,’ तो म्हणाला.
लख्ख ऊन होतं.

हिद्देने नकाशा उघडला,
एकच रस्ता असलेल्या घाटात.
नीन्केने सगळ्यांना खारट काळ्या गोळ्या वाटल्या.
त्येर्द, जो मयतीतही विनोद करतो,
स्वतःचे बूट न्याहाळत उभा राहिला.

मग वीबेने, माझ्याकडे न बघता,
समोरच्या हिमनदीकडे बघत,
किल्ली माझ्या हातात ठेवली.

म्हणजे त्याला माहीत होतं.
अख्खा हिवाळा मी शौक्येच्या जुन्या गाडीवर
बांधावरून शिकत होते
आणि घरी सांगत होते, गाण्याच्या सरावाला जाते.
परवाना पोस्टाने आला तेव्हा
पाकीट मला ब्रेडच्या डब्याखाली सापडलं.
मला वाटलं, मीच ठेवलं असेन.

तीस.
गाडी जड, माझ्या अंदाजाहून फार जड.
एकोणतीसला बंद पडली.
अठ्ठावीसला मी इतकी बाहेर गेले
की समोरून येणारा दुधाचा टँकरवाला
माझ्या आईचा उद्धार करून गेला,
आधी जर्मनमध्ये, मग इटालियनमध्ये,
तिकडे दोन्ही चालतात.

आणि वीबेला मागे बसता येत नाही!
वळण डावीकडे, हा उजवीकडे,
ओल्या पोत्यासारखा.
हात कुठे ठेवायचे कळेना,
आधी स्वतःच्या गुडघ्यांवर, मग सीटच्या पट्ट्यावर,
पाहुण्याकडे आल्यासारखे.
‘माझ्याबरोबर कल,’ मी ओरडले.
‘कसं?’
कसं!
बावीस वर्षं मी मागे काय करत होते
असं वाटलं त्याला?

बाविसाव्या वळणाच्या आसपास
हात माझ्या कमरेशी आले.
एक अगदी स्थिर. दुसरा नाही.
त्यानंतरचे आकडे मी वाचले नाहीत.

वर मळका बर्फ होता, सॉसेजचा धूर,
चुंबक विकणाऱ्या टपऱ्या.
त्येर्दला विनोद सापडला एकदाचा,
फारसा बरा नव्हता, आम्ही सगळे हसलो.
शौक्येने माझ्या हेल्मेटवर थाप मारली
आणि नाक शिंकरायला लांब गेली.

आजाराचं नाव सप्टेंबरात कळलं.
त्या दिवशी फक्त उतार होता, बोर्मिओच्या बाजूचा,
बोगद्यांतून पाणी ठिबकत होतं,
आणि पहिल्या ब्रेकला मागून आलं
टक्.

मग मी ब्रेक जरा जास्तच मारत गेले.