रिकामा दोर

बर्नहून आलेला माणूस विचारतो,
शेवटचं ओझं किती किलोचं होतं?
सहाशे दहा, मी सांगते.
छपराचे पत्रे, सिमेंटच्या चार गोण्या,
आणि बाल्त्सेरच्या बायकोनं मागवलेली
बिडाच्या पायांची जुनी शिलाई मशीन.
ती यादीत नव्हती. लिहून घ्या.

तो लिहितो. त्याच्या बुटांना चिखल नाही,
तोही उडतच आला.

सव्विसाव्या फेरीपर्यंत सगळं घड्याळासारखं.
साडेचार मिनिटांत खालच्या कुरणातून वर,
चाळीस मीटर दोराच्या टोकाला ओझं,
ओझ्याची वाट बघत मी, हात वर करून,
आणि पार वर, खिडकीबाहेर, कुर्डिनचं अर्धं डोकं,
विहिरीत वाकून पाहणाऱ्या पोरासारखं.
हुक आधी जमिनीला टेकू द्यायचा, मग हात लावायचा,
नाहीतर पंख्यानं गोळा केलेली वीज
कोपरापर्यंत चावते.
पहिल्या उन्हाळ्यात मला तिघांनी सांगितलं होतं,
तरी चावलीच.

लोकांना वाटतं, भीती ओझ्याची.
ओझं बरं असतं हो.
गवंड्याच्या ओळंब्यासारखं
दोराला सरळ ठेवतं.
रिकामा दोर कुणाचं ऐकत नाही.
वेग वाढला की मागे मागे तरंगतो,
वर येतो, शेपटीच्या पंख्याशी लगट करतो.
म्हणून परतीला आम्ही काहीतरी बांधतोच:
मोकळे सिलिंडर, कचऱ्याची पोती,
एकदा तर वीज पडून मेलेली गाय.
दरीवरून चार पाय लोंबवत ती गेली
तेव्हा खालचा कळप चरायचा थांबला होता.

त्या दिवशी पोतं भरलेलं होतं,
तोंड बांधायचं राहिलं होतं.
गाठ मारायला मिनिट लागलं असतं.
दक्षिणेकडून गरम वारा सुटला होता, फ्योन,
डोकं धरवणारा.
कानात कुर्डिन म्हणाला,
"राहू दे, बार्ला. हळू जातो."
आणि गेलाही हळू. कड्याच्या नाकापर्यंत.
मी अंगठा वर केला होता.
हेही लिहून घ्या.

आवाज मोठा नव्हता.
जाड कापड टरकावं तसा, एकदाच.
भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा दोर,
मग भोवरा.
मग नुसता कडा.

छपरावरून, तोंडात खिळे धरून
बाल्त्सेर ओरडला: गेला का?
मी म्हणाले, गेला.
त्यानं पुढचा खिळा ठोकला.
तो त्याला जो अर्थ लागला, तो मला अजून लागतो
रोज सकाळी, पहिल्या घोटाआधी.

पाचव्या दिवशी त्सेर्नेत्सहून दुसरं हेलिकॉप्टर आलं.
तुमच्याच माणसांनी नंबर चिकटवले होते,
शेपटी वेगळी, धड वेगळं,
एका दाराला सतरा, एका बुटाला एकोणचाळीस.
जाळं मीच पसरलं. पट्टे मीच ओढले.
दुसऱ्या कुणाला कळणार, कुठे आवळायचं?
वरून अनोळखी आवाज: वजन?
जिभेवर आकडा येईना.
नऊ वर्षं गोणी न् गोणी तोलून सांगितली,
ज्यानं उचलली
त्याचं वजन कधी विचारलंच नव्हतं.
अंदाजे सांगितलं, सातशे.
दोर ताठ झाला.
ते उठलं, एकदा माझ्याकडे तोंड करून वळलं,
आणि सरळ, अगदी सरळ,
खाली गेलं.

बर्नचा माणूस वही मिटतो. आणखी काही?

मशीन भिंतीशी उभी आहे, दोरा न ओवलेली.
बाल्त्सेरची बायको तिच्याकडे पाठ करून जेवते,
म्हणते, परत धाड ती.
धाडेन, मी म्हणते.
दोर रिकामा निघेल तेव्हा.