तिसऱ्या ओळीवर बोट

सावद्याच्या ऑफिसात पंखा आहे, वारा नाही.
बाहेर शेहेचाळीस.
गाडीच्या फाळक्याला हात लागला की हमाल तळवा फुंकतो.
अशा दुपारी भारंबेंची मंजूषा म्हणाली,
काका, वरची ओळ गोठवून टाका.
मी म्हटलं, बाई, इथं माठातलं पाणी गार होईना!

पण अडचण खरी होती.
अकराशे ओळी खाली उतरलो
की मथळे वर कुठंतरी राहून जायचे
आणि समोर नुसते आकडे,
२१४, १७, १७, ९.
यातला कोणता सतरा रास, कोणता सतरा दांड्याची कटती?
सोमवारी मी एकाची उचल दुसऱ्याच्या वजनात घातली,
दोघंही माझ्यावर ओरडले.

यादवभाऊंची वही असती तर हे झालं नसतं.
त्यांनी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची पट्टी कापून
तिच्यावर सगळे मथळे लिहिले होते,
पानोपान सरकवायचे.
मागच्या बाजूला अर्धा गणपती
आणि ‘चि. सौ. कां.’ एवढंच उरलेलं.

मंजूषानं सांगितलं,
बोट जिथं असेल त्याच्या वरचं सगळं गोठतं.
माझं बोट तिसऱ्या ओळीवर होतं.
म्हणून मथळ्यांच्या खाली आणखी एक ओळ अडकली,
हंगामातली पहिली गाडी:
गुलशेर तडवी, लोहारा, पिलबाग, २१४ घड,
भाव पंधराशे चाळीस.

मग कांदेबाग आली, नवती आली,
भाव उतरत नऊशेवर आला,
शेकडो नावं खालून वर सरकत
त्याच्या नावापाशी पोचून नाहीशी झाली.
गुलशेर जागचा हलला नाही.

शनिवारी तो स्वतः आला, हिशोबाला.
पडद्याकडे बराच वेळ बघत बसला.
माह्यं काही बाकी हाये का?
नाही, सगळं चुकतं आहे.
मंग नाव वऱ्हे काहून?
मी चाक फिरवून दाखवलं. सगळे पळाले, तो राहिला.
अजून एकडाव फिरवा, म्हणाला.
फिरवलं.
टोपी काढून पुन्हा घातली त्यानं.
नाव वऱ्हे हाये, तं आजच्या गाडीले भावबी वरचाच लावा.

व्यापारी हसला नाही.
रांगेतल्या तिघांनी मात्र मान वाकवून
तो पंधराशे चाळीस नीट वाचून घेतला.

ओळ सोडवायची कशी,
तेही मंजूषानं शिकवलंय मला.
हंगाम संपू दे.