निळा पट्टा दाराकडे

एन्सिओ कल्लामा गेला. ताम्पेरेच्या पेपरात चार ओळी आल्या,
त्यातली एक चुकीची:
"कॅमेऱ्यासमोर ते कधीच आले नाहीत."

माझं काम कंटिन्युइटीचं.
एकतीस वर्षं त्याच्या खुर्चीशेजारी, मांडीवर वही.
कप कुठल्या हातात, सिगारेट किती जळलेली,
बर्फ पायरीला टेकलंय की अजून खाली आहे.
माणसं विसरतात. म्हणून मी.

त्याचा सिनेमा एकच.
सत्याहत्तरचा जून, तळ्याचा धक्का,
आणि त्याची खरीखुरी आई
गुडघे टेकून चिंध्यांची सतरंजी घासतेय,
जशी दर उन्हाळ्यात घासायची, पाइनच्या साबणाने.
"कॅमेऱ्याकडे बघू नकोस," तो म्हणाला.
तिनं बघितलं.
पुन्हा सांगितलं. पुन्हा बघितलं.
सातव्या वेळी म्हणाली,
"तू काय तिथे लपून बसलायस? ये, दुसरं टोक धर."
आणि तो गेला.
दोघांनी मिळून सतरंजी पिळली.
कॅमेरामनने कॅमेरा बंद केला नाही.

निर्मात्याने केला. म्हणजे, कापलं.
"दिग्दर्शकच दिसतोय, बाबा!"
बारा दिवस चालला सिनेमा.

मग टीव्ही. घराचे हप्ते, मालिकेचे हप्ते.
एका चिडक्या इन्स्पेक्टरचे दोनशे चौदा भाग,
नाताळची प्रार्थना, थेट,
मासे कसे खारवावेत, सोमवारी साडेपाचला.
नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवस मिटायचा.
"चला, रात्रीचे सीन उरकू," म्हणायचा.
कुरकुर नाही. कुरकुरीलाही उजेड लागतो, म्हणे.

पण वही सांगत होती:
भाग ९, खुन्याचं स्वयंपाकघर. सतरंजी, निळा पट्टा दाराकडे.
भाग ६३, दातांचा दवाखाना. सतरंजी, निळा पट्टा दाराकडे.
नाताळात पाद्र्याच्या बुटांखाली
तीच.
मी विचारलं नाही. लिहीत गेले.
एकदा सेटवरच्या नव्या पोराने ती उलटी अंथरली;
सगळं युनिट थांबवून हा वाकला,
स्वतः फिरवली, गुडघ्यांवर हात ठेवून उठला,
आणि "टेक" म्हणाला, जरा घसा खाकरून.

शेवटच्या वर्षी, वृद्धाश्रमात,
मला नाही, वहीला ओळखलं त्यानं.
"त्या दिवशी आईकडे कुठलं टोक होतं?"

त्या दिवशी मी नवखी होते.
ते पान कोरं आहे.
बघतच राहिले होते मी.

"निळ्या पट्ट्याचं," म्हणाले.
अख्ख्या नोकरीत तेवढीच एक नोंद अंदाजाने.

त्यानं मान हलवली. दोन्ही मुठी उचलल्या,
हवेला पीळ द्यायला लागला.
मी वही पलंगावर ठेवली,
समोर उभी राहून उलट्या दिशेने पीळ दिला.
नर्स कॉफी घेऊन आली. काय चाललंय, म्हणाली.

"थांब जरा," तो म्हणाला,
"अजून पाणी निघतंय."