लाल लोकर

मर्व्ह आजोबा म्हणायचे, दोष इंजिनाचा.
आयोना आजी म्हणायची, दोष कशाचाच नाही,
घर पाठीशी बांधून निघालं की
गाडीला भूक जास्त लागणारच.

सेडुना सोडलं तेव्हापासून पश्चिमेचा वारा नाकावर.
डिझेलचा काटा असा उतरत होता
की आजी बोलायची थांबली आणि वही काढली:
शंभर किलोमीटरला एकोणीस लिटर. वारा समोरून.
शंभरला वीस. वारा समोरून. मर्व्ह गप्प.

नंड्रूच्या पंपावर एकानं सांगितलं,
टपावर तिरकी फळी बसवा.
दुसरा म्हणाला, नाक हवं सुरीसारखं.
आजोबांनी पन्नास वर्षं मेंढ्या कातरलेल्या,
हाताला लागेल तेवढंच खरं मानणारा माणूस.
वारा कुठून कातरायचा?

रात्री आजीनं अर्धा विणलेला स्वेटर उसवला.
(माझाच होता.)
वीत वीत लाल धागे
आम्ही कॅरव्हॅनभर चिकटवले,
कपाळावर, कुशीवर, पाठीवर.

सकाळी रस्ता क्षितिजापर्यंत रिकामा बघून
आईनं आमची गाडी शेजारून नेली
आणि मी खिडकीतून वारा वाचला.

पुढे, गाडीच्या टपावरून डोकावणाऱ्या कपाळावर,
धागे चपटे, दबलेले.
कुशीवरचे शहाणे,
तेल लावून भांग पाडल्यासारखे मागे निजलेले.
पण मागच्या सपाट भिंतीवर
वेडच लागलं होतं त्यांना.
वर, खाली, गरगर,
काही तर चक्क पुढे निघालेले,
आमच्याच दिशेनं.

युक्लाला मी धापा टाकत सांगितलं:
पुढे वारा ढकलतो ते ठीक,
पण मागे आपण एक खोलीभर पोकळी ओढतोय.
तिचंही जेवण आपल्याच टाकीतून.

आजोबांनी काडीनं मातीत मासा काढला.
डोकं गोल, शेपटी निमुळती.
म्हणाले, हिला अशी करतो. चार लिटर वाचतील.

आजीनं मासा बराच वेळ पाहिला.
शेपटीवर चपलेचं टोक ठेवून म्हणाली,
इथे मी उभी कशी राहू?
तुझ्या कातरणाऱ्या टोळ्यांसाठी
पत्र्याच्या खोपट्यांत चाळीस वर्षं
वाकून रांधलं मी, मर्व्ह पेनहेल.
या घरात मी ताठ उभी राहून चहा करणार.

कोणी काही बोललं नाही.
एक मालगाडीएवढा ट्रक गेला
आणि सगळं घर चाकांवर डुललं.

मग आजोबांनी शेपटी पायानं पुसली,
आणि युक्लापासून पुढे
एकशे दहाचा काटा पंचाऐंशीवर आणला.
मागे रांग लागली, लोकांनी हॉर्न वाजवले,
पश्चिमेला पोचायला एक दिवस जास्त लागला.

वहीत आहे:
शंभरला पंधरा. वारा समोरून.
मर्व्ह गातोय. बेसूर.

धागे नॉर्समनपर्यंत टिकले, गुलाबी होऊन.
त्या हिवाळ्यात मला स्वेटर मिळाला,
एक बाही निळी.