टवका

ओडेसा झिंकने काउंटरवर ठेवला टवका,
नखाएवढा,
बिजागरीमागून खरवडलेला,
जिथे ऊन कधी पोचलंच नाही.
“हा,” म्हणाली. “अस्साच.”

अस्साच म्हणजे कसा, हे विचारत
मी या दुकानात एकतीस वर्षं उभा आहे.

नोव्हा स्कोशियाचा नोव्हेंबर. धक्क्यावर
शेवंडांचे सापळे रचलेले माणसाच्या उंचीने,
आणि दुकानात दुपारी दोनलाच दिवे.

कॅलर्ड कंपनीचा ‘ॲडमिरल’ होता तो.
कंपनी बुडाली, ॲडमिरलही तिच्यासोबत बुडाला.
दुसरीकडे आहे ‘मिडनाइट हार्बर’,
तिसरीकडे नाव नाही, नुसता नंबर.
कार्डं शेजारी शेजारी धरली
की तिन्ही काळी.
इथेच घोडं पेंड खातं:
पिवळा चुकला तर लगेच ओरडतो,
नेव्ही ब्लू मात्र मान डोलावतो, हो हो म्हणतो
आणि घरी गेल्यावर बदलतो.

झिंकांचं घर सगळ्या गावाला ठाऊक.
एकच लाकडी घर, उभं कापलेलं,
दोन दारं, मध्ये वीतभर खांब.
डावं ओडेसाचं. उजवं विनिफ्रेडचं.
ऑगस्टात विनिफ्रेडने हॅलिफॅक्सहून
भलत्याच कंपनीचा डबा आणला, दार रंगवलं.
तिच्या मते रंग तोच.
ओडेसाच्या मते वांगं.
तेव्हापासून दोघींचं बोलणं
मांजरामार्फत.

यंत्राच्या डोळ्याला इतक्या गडदात दिसत नाही,
तो सरळ ‘काळा’ म्हणून मोकळा होतो.
म्हणून हाताने.
काळा, निळा, मग लाल सुईच्या टोकावर.
ओला रंग नेहमी थोडी फुशारकी मारतो,
तो उतरेपर्यंत केस वाळवायचं यंत्र धरायचं,
मग टवका वर ठेवायचा, डोळे बारीक करायचे.
ट्यूबलाइटखाली: जुळला.
दाराबाहेर, ढगाच्या उजेडात: हिरवट.
दुसरा घाण्यातून काढल्यासारखा मेला.
तिसरा जांभळ्याकडे कलला,
ओडेसाने नुसतं नाक मुरडलं.

चिडून मी टवका ब्लेडने तिरका कापला
आणि भिंगाखाली धरला.

एक नव्हता.
सात होते.
एकावर एक, कांद्यासारखे,
सातही नेव्ही ब्लू, आणि सातांतले
कुठलेच दोन एकमेकांचे नव्हते.
म्हाताऱ्या ऑर्विल झिंकला
हाताला लागेल तो डबा चालत असे.
सेल असेल तो.

सांगावं की नाही, यात एक गिऱ्हाईक येऊन
स्क्रू घेऊन गेलं.
मग मी भिंग तिच्याकडे सरकवलं.

खूप वेळ वाकून होती.
“हा हिरवट,” म्हणाली, “वादळाच्या वर्षीचा,
तेव्हा दार खालून फुगलं होतं.
आणि हा… थांब…
हा आम्ही दोघींनी लावला होता.
बाबांचा हात गळ्यात होता, प्लॅस्टरमध्ये.”
भिंगावर तिचा श्वास धरला.
तिने ते बाहीने पुसलं,
पण पुन्हा डोळा लावला नाही.

“कुठला करू?” मी विचारलं.

ती माझ्या वाळत ठेवलेल्या पट्ट्यांकडे वळली.
तिसरीवर बोट ठेवलं. वांग्यावर.
“हा. एक लिटर.”
दारापर्यंत गेली, परत आली.
“दोन कर.”

झाकणावर मी अंगठ्याने एक ठिपका लावला,
खाली पेन्सिलीने थेंबांचा हिशेब.
नावाची जागा रिकामी राहिली,
कारण या रंगाला कुठल्याच कंपनीत नाव नाही.

डिसेंबरात टपाल टाकायला त्या रस्त्याने गेलो.
चार वाजले होते, अंधार पडायच्या बेतात,
दोन्ही दारं सारखी दिसत होती,
पण त्या वेळी सगळंच सारखं दिसतं, अगदी चर्चसुद्धा.
थांबून बूट झटकायचं निमित्त केलं.
खात्रीने सांगता येणार नाही.
मधल्या खांबावर मात्र, पांढऱ्यावर,
एक ओघळ सुकला होता, करंगळीएवढा.
तो माझा.
तो मी कुठल्याही उजेडात ओळखेन.